मध्येच आलेली हाक

संगणकावर मजकूर टंकलिखित करणारी माणसे आता घरोघर आहेत. कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते, आणि ते उमटायचेच अशी सर्वांची खात्री असल्यामुळे त्यात कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. परंतु जरा विचार करावा. कळ दाबली जाते त्या क्षणी संगणक रिकामा बसलेला नसतो. तो कोठे गाणे वाजवीत असतो, कोठे हिशेब करीत असतो, कोठे दूरच्या यंत्राशी बोलत असतो. मग हातचे काम टाकून त्याने आपल्या कळीकडे लक्ष दिले कसे? आणि लक्ष देऊन झाल्यावर टाकलेले काम जेथल्या तेथून पुन्हा उचलले कसे? ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरात एक संपूर्ण विद्या सामावलेली आहे. तिची ओळख आमच्या तरुण वाचकांना करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन शब्दांचे अर्थ स्पष्ट करू. संगणकातील सर्व कार्यक्रमांवर देखरेख करणारा, त्यांना वेळ, जागा व साधने वाटून देणारा जो मूळ कार्यक्रम, त्याच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. आणि एखाद्या उपकरणाने प्रोसेसरला मध्येच जी हाक मारायची, तिला ‘इंटरप्ट’ म्हणतात. मराठीत ‘व्यत्यय’ असा शब्द सुचतो; पण व्यत्यय म्हटले की नकोसेपणाची छटा येते, आणि ही हाक तर हवीहवीशी असते. म्हणून रूढ शब्दच ठेवू. ह्या हाकेला ओ देण्यासाठी कर्नेलमध्ये जो छोटा कार्यक्रम लिहिलेला असतो, तो ‘इंटरप्ट हँडलर’.

पाळत बरी की हाक बरी?

कोणी म्हणेल, हाकेची गरजच काय? प्रोसेसरने थोड्या थोड्या वेळाने कळफलकाकडे डोकावून पाहावे, म्हणजे झाले. ह्या पद्धतीला आपण पाळत म्हणू. तिचा हिशेब मांडून पाहा. सामान्य प्रोसेसर एका सेकंदात १०० कोटी पायऱ्या सहज चालतो असे धरा. हाताचा अत्यंत चपळ टंकलेखकही सेकंदाला दहा कळांच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे दोन कळांमध्ये प्रोसेसरच्या हाती १० कोटी पायऱ्यांचा अवकाश असतो. तेवढा वेळ ‘कळ दाबली का? कळ दाबली का?’ असे विचारीत बसणे म्हणजे पत्राची वाट पाहत दिवसभर उंबऱ्यावर बसण्यासारखे आहे. टपालवाला दारावर हाक मारणार आहे, हे माहीत असले तर माणूस आत जाऊन आपले काम करू शकतो.

पण हाकेच्या सोयीला एक किंमत आहे, आणि ती ओळखणारा पहिला मोठा विचारवंत म्हणजे हॉलंडचा एड्सगर डायक्स्ट्रा (१९३०–२००२). १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१’ ह्या यंत्राची रचना चालू होती. त्याला इंटरप्ट असावा असे त्याचे सहकारी लूपस्त्रा व स्कोल्टेन यांचे मत होते. डायक्स्ट्राला मात्र त्या कल्पनेची धास्ती वाटली, आणि ती त्याने पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणी लिहून ठेवली. धास्तीचे कारण असे की, तोपर्यंत यंत्र जे करी ते पुन्हा तंतोतंत तसेच करून दाखवता येई. त्यामुळे चूक झाली तर ती पुन्हा घडवून पकडता येई. हाक केव्हा येईल याचा नेम नाही. म्हणजे आता अशा चुका संभवणार की ज्या आज घडतील आणि उद्या मागूनही घडणार नाहीत. अखेर तो तयार झाला, ह्या यंत्राच्या हाकांना ओ देणारा कार्यक्रम त्याने लिहिला, आणि १९५९ साली त्याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. इंटरप्ट हँडलर शिकणाऱ्याने ही धास्ती प्रथम समजून घ्यावी. ती भेकडाची नव्हे, जाणत्याची धास्ती होती.

हाक आली म्हणजे काय घडते?

एखाद्या संस्थेची कचेरी डोळ्यांसमोर आणा. कारकून खतावणीत बेरीज करीत आहे. इतक्यात शिपाई वर्दी देतो, ‘दारावर टपाल आले आहे.’ शहाणा कारकून काय करतो? चालू ओळीवर पट्टी ठेवतो, हातचा आकडा कागदाच्या कोपऱ्यावर टिपतो, टपाल घेऊन खणात टाकतो, पोच देतो, आणि परत येऊन पट्टीपासून पुढे बेरीज चालू करतो. खतावणीकडे पाहून कोणालाही कळू नये की तो मध्ये उठला होता.

प्रोसेसर हेच करतो. आपल्या नेहमीच्या पीसी जातीच्या संगणकाचे उदाहरण घेऊ. उपकरणांच्या हाका प्रथम एका नियंत्रक चिपकडे येतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत ही चिप ८२५९ क्रमांकाची होती व तिला आठ तारा होत्या. ० क्रमांकाची तार घड्याळाची, १ क्रमांकाची कळफलकाची. हा नियंत्रक म्हणजे आपला शिपाई. तो प्रोसेसरला नुसती हाक मारीत नाही, तर कोणाची हाक आहे त्याचा क्रमांकही सांगतो. प्रोसेसरजवळ २५६ घरांचा एक तक्ता असतो. प्रत्येक घरात त्या क्रमांकाच्या हँडलरचा पत्ता लिहिलेला असतो. हाक येताच प्रोसेसर हातची सूचना पुरी करतो, पुढील सूचनेचा पत्ता व आपल्या स्थितीची काही चिन्हे स्टॅकवर ठेवतो, आणि तक्त्यातील पत्त्यावर उडी घेतो. हँडलरच्या शेवटी ‘आय-रेट’ ही सूचना असते. तिने स्टॅकवरील नोंदी परत उचलल्या जातात आणि मोडलेले काम सांधले जाते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोसेसर पट्टी तेवढी ठेवतो. कोपऱ्यावर टिपायचे आकडे, म्हणजे रजिस्टरांतील किमती, टिपून ठेवण्याचे काम हँडलर लिहिणाऱ्याचे आहे. त्याने एक जरी रजिस्टर न जपता वापरले, तर हाक आली त्या वेळी जो कार्यक्रम चालू होता त्याचा हिशेब बिघडतो. गुन्हा हँडलरचा आणि आळ निरपराध कार्यक्रमावर, असा हा प्रकार आहे.

शिकण्याचा क्रम

कोणतीही विद्या सोप्यापासून अवघडाकडे जावी, हा शिक्षणशास्त्राचा जुना नियम येथेही लागू आहे. पहिली सूचना अशी की, आरंभ खऱ्या यंत्रावर करू नये. फाब्रिस बेलार याने २००३ साली प्रसिद्ध केलेला ‘क्यूईएमयू’ हा कार्यक्रम संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करतो. त्यात कितीही मोडतोड झाली तरी नुकसान शून्य. शिवाय आलेल्या प्रत्येक इंटरप्टची नोंद तो मागितल्यास लिहून देतो. वाचण्यासाठी अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेत २००६ पासून शिकवण्यासाठी तयार झालेले ‘एक्सव्ही-६’ हे लहानसे कर्नेल घ्यावे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सचा आराखडा समोर ठेवून ते नव्याने लिहिलेले आहे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून संपवता येते. त्या जुन्या युनिक्सवर जॉन लायन्स ह्या ऑस्ट्रेलियातील अध्यापकाने १९७६ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली होती. ती छापील पुस्तकाच्या रूपाने १९९६ साली निघाली. मधली वीस वर्षे विद्यार्थ्यांनी छायाप्रतींवरून छायाप्रती काढून ती जगवली. चांगल्या शिकवणीला छापखान्याची वाट पाहावी लागत नाही, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

पहिली पायरी: बाहेरच्या हाकेच्या नादी न लागता, आपल्या इच्छेने घडवता येणारी घटना घ्यावी. २५६ घरांपैकी ० ते ३१ ही घरे प्रोसेसरने स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवली आहेत. शून्याने भागले की ० क्रमांकाचे घर उघडते. तपासणीसाठी मुद्दाम थांबवायचे असेल तर ३ क्रमांकाचे. आरंभ ३ पासून करावा. कारण ३ च्या वेळी जपलेला पत्ता पुढील सूचनेचा असतो, म्हणून परत आल्यावर काम पुढे सरकते. शून्याने भागण्यात जपलेला पत्ता त्याच चुकलेल्या सूचनेचा असतो; हँडलर काही दुरुस्ती न करता परतला, तर तोच भागाकार, तीच अडचण, पुन्हा तोच हँडलर, असे चक्र अखंड फिरत राहते. हा फरक प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी तो कधी विसरत नाही.

दुसरी पायरी घड्याळाची. पीसीच्या घड्याळाची चिप सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मोजते. त्यांना ११,९३२ ने भागण्यास सांगितले, की सेकंदाला जवळजवळ १०० हाका येऊ लागतात. येथे नवशिक्या हमखास अडखळतो. जुन्या रचनेत ८२५९ चिपच्या हाका ८ पासून पुढच्या घरांत नेमलेल्या असतात, आणि ८ हे घर तर प्रोसेसरने ‘दुहेरी बिघाड’ ह्या गंभीर आपत्तीसाठी राखलेले आहे. त्यामुळे घड्याळाची साधी टिकटिक आपत्तीच्या दारात जाऊन उभी राहते. उपाय असा की, आरंभीच नियंत्रकाला सांगावे, ‘तुझ्या हाका ३२ पासून पुढे मोज.’ मग घड्याळ ३२ वर व कळफलक ३३ वर येतो.

तिसरी पायरी कळफलकाची. हाक आली की ९६ क्रमांकाच्या द्वारातून एक संख्या वाचावयाची. ‘ए’ ही कळ दाबली तर ३० मिळते, सोडली तर १५८. म्हणजे सोडताना १२८ अधिक. ती संख्या ठेवून द्यावी आणि नियंत्रकाला ‘काम झाले’ अशी पोच द्यावी. ही पोच म्हणजे ३२ क्रमांकाच्या द्वारात ३२ हीच संख्या लिहिणे. पोच राहिली तर शिपाई त्या तारेची व तिच्याहून खालच्या मानाच्या तारांची पुढील वर्दी देत नाही. म्हणून घड्याळाच्या हँडलरने पोच दिली नाही तर सगळ्याच हाका थांबतात, कारण घड्याळाचा मान पहिला. कळफलकाच्या हँडलरने दिली नाही तर घड्याळ चालू राहते आणि कळफलक मुका होतो. आता विद्यार्थ्याला कोडे घालावे: घड्याळ चालू आहे, पहिली कळ उमटली, दुसरी उमटत नाही; दोष कोठे? पोच राहिली असेल, किंवा ९६ क्रमांकाच्या द्वारातील संख्या वाचायची राहिली असेल. कारण आधीचे टपाल उचलल्याशिवाय कळफलक नवे टाकीत नाही. एक लक्षण आणि दोन रोग. वैद्याप्रमाणे दोन्ही तपासावे.

खरी कसोटी पुढेच आहे

एवढे झाले म्हणजे अक्षर उमटते आणि विद्यार्थ्याला आनंद होतो. तो आनंद योग्यच आहे. परंतु डायक्स्ट्राला ज्याची धास्ती वाटली ते संकट अजून पुढेच आहे.

आपल्या कारकुनाकडे परत जाऊ. खतावणीत शिल्लक रु. ५०० आहे. त्याला रु. १०० जमा करावयाचे आहेत. त्याने ५०० वाचले, मनात ६०० केले, आणि लिहिणार तोच हाक आली. हाकेला ओ देणाऱ्याने त्याच खतावणीत रु. ५० जमा करून शिल्लक ५५० लिहिली. कारकून परत आला, आणि मनातील ६०० लिहून मोकळा झाला. खरी शिल्लक ६५० हवी. पन्नास रुपये कोणी चोरले नाहीत. ते दोन क्षणांच्या फटीत पडले. संगणकात ‘एक मिळवा’ ही साधी क्रियाही वाचणे, मिळवणे व लिहिणे अशा तीन पायऱ्यांची असू शकते, आणि हाक नेमकी मधल्या फटीत येऊ शकते. दहा लाख वेळा ती येणार नाही. पुढच्या वेळी येईल.

उपाय म्हणून प्रोसेसरला ‘आता थोडा वेळ हाका ऐकू नकोस’ असे सांगता येते. पण हा उपाय जपून वापरावा, कारण कान फार वेळ बंद ठेवले तर टपाल परत जाते. शिवाय आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर असतात. आपण एकाचे कान बंद केले तरी दुसरा तीच खतावणी उघडू शकतो. म्हणून खतावणीला कुलूपही हवे. आणि कुलूप आले की नवा पेच आला. कारकुनाने खतावणीला कुलूप लावून काम सुरू केले, मध्येच हाक आली, आणि हँडलरला तीच खतावणी हवी आहे. तो कुलूप निघण्याची वाट पाहत उभा राहतो. कुलूप काढणार कारकून; पण हँडलर परतल्याशिवाय कारकुनाची पाळीच येत नाही. दोघेही जन्मभर उभे! यावरून नियम असा निघतो की, जे कुलूप हँडलरलाही लागणार आहे, ते हाती घेण्यापूर्वी आपल्या प्रोसेसरच्या हाका बंद कराव्या, आणि कुलूप सोडल्यावरच पूर्ववत कराव्या. ‘पूर्ववत’ हा शब्द महत्त्वाचा. हाका आधीच बंद असतील तर त्या बंदच राहिल्या पाहिजेत. म्हणून एक्सव्ही-६ मध्ये किती वेळा बंद केल्या याची मोजणी ठेवतात.

ह्याच विचारातून दुसरा नियम निघतो: हँडलरने कशाचीही वाट पाहत झोपू नये. तो दुसऱ्याच्या वेळात आलेला पाहुणा आहे. त्याचे काम टपाल खणात टाकण्यापुरते. पत्र उघडून वाचणे व उत्तर लिहिणे मागाहून, निवांतपणे. लिनक्स ह्या कर्नेलमध्ये, ज्याचा आरंभ लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ साली केला, हँडलरचे असेच दोन भाग करतात. तातडीचा वेगळा, सवडीचा वेगळा.

वाचक कार्यक्रमाला झोपवून, अक्षर आले की हँडलरने त्याला उठवावे, ही व्यवस्था वरवर सोपी दिसते. पण वाचकाने खण पाहिला, तो रिकामा; तो झोपणार एवढ्यात हाक आली, हँडलरने अक्षर टाकले आणि ‘ऊठ’ म्हणून सांगितले. अजून कोणी झोपलेलाच नाही, तेव्हा ते सांगणे वाया गेले. मग वाचक झोपला, आणि उशाशी अक्षर असूनही झोपूनच राहिला. म्हणून खण पाहणे व झोपी जाणे ह्या दोन क्रियांच्या मध्ये हाकेला शिरकाव मिळू नये, अशी बांधणी करावी लागते.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. हाका फारच वाढल्या तर काय? महाजालावरून येणारे निरोप इतक्या वेगाने येऊ शकतात की प्रोसेसरचा सगळा वेळ ओ देण्यातच जातो आणि हाती काम काहीच होत नाही. जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन या दोघा अभ्यासकांनी १९९६ साली ह्या स्थितीचे विवेचन केले. गर्दी झाली की हाका बंद करून पाळतीने काम करावे, असा त्यांच्या उपायाचा सारांश आहे. आरंभी आपण जी पद्धत बाजूला सारली, ती गर्दीत कामाला आली. कोणतीही रीत सर्वकाळ चांगली किंवा सर्वकाळ वाईट नसते, हेच खरे.

हे सारे कशासाठी?

एखादा वाचक म्हणेल, अक्षर उमटले नाही तर पुन्हा कळ दाबू. त्यात एवढे काय? त्याचे उत्तर थेराक-२५ ह्या यंत्राच्या इतिहासात आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे कॅनडात तयार झालेले यंत्र. १९८५ ते १९८७ ह्या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली. त्यांतील काही दगावले. १९८६ साली अमेरिकेतील टायलर येथे घडलेल्या अपघातांचे कारण असे निघाले की, यंत्र चालवणारी व्यक्ती हाताने चपळ होती. एक नोंद चुकली म्हणून तिने ती आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली. पडद्यावर दुरुस्ती दिसली, पण त्या अवधीत आपल्या कामात गुंतलेल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागापर्यंत ती पोचलीच नाही. यंत्र करणाऱ्यांच्या माणसांनी हळूहळू कळा दाबून पाहिल्या, तेव्हा सर्व ठीक दिसले. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने व त्या चालकाने त्याच वेगाने पुन्हा पुन्हा कळा दाबल्या, तेव्हा दोष सापडला.

हा दोष नेमका इंटरप्ट हँडलरचा होता असे नव्हे. परंतु जातकुळी तीच. दोन कामे एकाच काळात चालली आहेत, दोघांची खतावणी एक आहे, आणि मधल्या फटीचा विचार कोणी केलेला नाही. अशा दोषापुढे ‘शंभर वेळा चालवून पाहिले, शंभर वेळा बरोबर आले’ ही साक्ष निरुपयोगी ठरते. चालवून पाहणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. लिहितानाच प्रत्येक ओळीशी थांबून विचारावे लागते: ‘हाक येथे आली तर?’

आम्ही वर्गात पाहतो की, उत्तर बरोबर आले की मुले वही मिटतात. उत्तर कसे आले, आणि प्रत्येक वेळी ते तसेच का येईल, हा प्रश्न त्यांना जाचक वाटतो. त्यांना तो गोड वाटू लागावा म्हणून शिक्षक नाना युक्त्या योजतात. पण ज्याने एक हँडलर स्वतःच्या हाताने लिहिला आणि तो पारखून घेतला, त्याला वेगळी युक्ती लागत नाही. ह्या अभ्यासाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक जुना संगणक, विनामूल्य मिळणारे क्यूईएमयू व एक्सव्ही-६, आणि चिकाटी, एवढ्या सामग्रीवर लहान गावातील विद्यार्थीही येथवर पोचू शकतो. ज्यांच्या घरी मुले संगणकापुढे तासन् तास बसतात, अशा पालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी मुलाला एकदा तरी विचारावे, ‘बाळ, तू कळ दाबलीस तेव्हा यंत्र कोणते काम टाकून आले, आणि ते परत कसे गेले?’ उत्तर त्या दिवशी आले नाही तरी चालेल. मुलगा ते शोधू लागला, की शिक्षणाला आरंभ झालाच म्हणून समजावे.